'जेमतेम दीडशे वर्षांचं' म्हणून सिमेंट फासू नका

व्हिक्टोरियन (राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं) चर्च म्हणजे मध्ययुगाची नक्कल, ती काय जपायची, असं म्हणणाऱ्याने सेल्सलीचं ऑल सेंट्स बघावं. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात स्ट्राउडजवळ टेकडीवरचं हे गाव. खाली एबलीला सॅम्युअल मार्लिंग यांची लोकरी कापडाची गिरणी. चर्चचा पैसा त्यांचा, आराखडा वास्तुविशारद जी. एफ. बॉडली यांचा. चर्च १८६२ मध्ये पूर्ण झालं आणि पुढे गिरणीच्या वाढीव इमारतीचं कामही बॉडलींकडेच गेलं. मनोऱ्यावर टोकदार कळस नाही, घरासारखं दुपाखी छप्पर आहे.

खरी दौलत रंगीत काचांच्या खिडक्यांत आहे. नक्षीकार आणि कवी विल्यम मॉरिस यांची सजावटीची कंपनी १८६१ ची, आणि हे तिचं अगदी सुरुवातीचं मोठं काम. रोझेट्टी, बर्न-जोन्स, फोर्ड मॅडॉक्स ब्राउन या चित्रकारांची चित्रं इथे आहेत. एकूण मांडणी वास्तुविशारद फिलिप वेब यांची: चित्रांचा रंगीत पट्टा मध्ये, वर-खाली फिकट काच. त्यामुळे आत उजेड राहतो. पश्चिमेच्या चक्राकार खिडकीत प्राण्यांना नावं देणारा आदम आहे, तोही वेब यांचाच.

याच मॉरिस-वेब यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारती जपण्यासाठी संस्था काढली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुने दगड खरवडले जात होते, त्याविरुद्ध. मग त्यांच्याच कामाला तोच न्याय का नको?

कॉट्सवोल्डचा, म्हणजे याच टेकड्यांचा, चुनखडीचा दगड मऊ असतो, पाणी पितो आणि सांध्यांतल्या चुन्यातून बाहेर टाकतो. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरल्या की ती वाट बंद होते. मग पाणी दगडातूनच सुकतं, क्षार पृष्ठभागाखाली साचतात, थंडीत बर्फ धरतो आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांधा शाबूत, दगड खचलेला! आपला काळा बेसाल्ट घट्ट, म्हणून आपल्याकडे हे नुकसान इतक्या लवकर डोळ्यांत भरत नाही. दर्ज हातछिन्नीनेच उकरावी, ग्राइंडर लावू नये. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट तरी हवी. चुना एक भाग, चाळलेली वाळू अडीच ते तीन भाग. पारा ५ अंशांखाली असेल तर काम थांबवावं आणि भरलेली दर्ज ओल्या गोणपाटाखाली ठेवावी.

खिडक्यांत आधी दगा देतात त्या लोखंडी आडव्या सळया. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि चौकटीचा दगड फोडतो. म्हणून दगडात रुतणारी टोकं कापून तिथे ब्राँझ किंवा स्टेनलेस स्टील जोडतात. काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्याही थकतात आणि काच पोट काढते. तिला हाताने दाबून सरळ करणं म्हणजे तडा ओढवून घेणं. मॉरिस कंपनीच्या काही काळातल्या रंगात बोरॅक्स होता. त्या काचांवरच्या चेहऱ्यांच्या रेषा ओलाव्याने उडाल्या, म्हणून रंगवलेल्या बाजूला ओलं फडकंसुद्धा नको.

इंग्लंडच्या चर्चमध्ये अशा कामाला धर्मप्रांताची लेखी परवानगी लागते आणि दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञांकडून तपासणी होते. पण पाच वर्षं तुंबलेली पन्हळ थांबत नाही. तिथून झिरपलेलं पाणी थेट तुळईच्या टोकाशी जातं आणि लाकूड आतून कुजतं. पन्हळी वर्षातून दोनदा साफ करा, त्यातली एक खेप पानगळ संपल्यावर.