‘दुसरं काही जमलं नाही म्हणून एचआर?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘भूतपूर्व कर्मचारी’ या नावाने तुम्ही माझ्या मागच्या लेखावर लिहिलेली प्रतिक्रिया मी आधी घाईघाईत वाचली, चिडले आणि उत्तर न देताच उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली. त्यातलं निम्मं आपल्याला मान्य आहे हे लक्षात आलं, तेव्हा आणखी चिडले. म्हणून उत्तर लांबलं आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एचआर, म्हणजे कंपनीतलं मनुष्यबळ खातं, हे आवर्जून निवडावं असं क्षेत्र आहे, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की एचआरवाले म्हणजे मालकाचे हस्तक. ज्यांना विक्री जमत नाही, हिशेब जमत नाहीत, कोडिंग जमत नाही ते सगळे तिथे गोळा होतात. बारा वर्षं नोकरी झाल्यावर तुम्हाला एका दुपारी खोलीत बोलावलं. समोर एचआरच्या बाई, टेबलावर आधीच टाइप करून ठेवलेला तुमचा राजीनामा आणि त्यात ‘स्वेच्छेने’ हा शब्द. सही होईपर्यंत बाई हसतमुख होत्या. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘असल्या कामाला माणूस आपणहून जातो तरी कसा? आणि रात्री झोप लागते का?’

आधी त्या दुपारबद्दल. तिथे जे झालं ते चूक होतं. ‘काढलं असं दिसलं तर पुढे तुम्हालाच त्रास होईल, त्यापेक्षा राजीनामा बरा’ हे वाक्य तुम्हाला ऐकवलं गेलं असणारच. ते पूर्ण खोटं नसतं, म्हणूनच ते इतकं कामाला येतं. माणूस घाबरलेला असताना, घरी कुणाशी बोलायची उसंतही न देता त्याच्याकडून ‘स्वेच्छेने’ लिहून घ्यायचं, याला प्रक्रिया म्हणणं मला जमत नाही. आणि आता कबुली देते: असा कागद मीही टाइप केला आहे. दोनदा. पहिल्यांदा मला कळत नव्हतं. दुसऱ्यांदा कळत होतं.

आता ‘दुसरं काही जमलं नाही’ या मुद्द्याकडे येते. हा टोमणा जुना आहे. २००५ साली अमेरिकेतल्या ‘फास्ट कंपनी’ मासिकाने ‘आम्हाला एचआरचा तिटकारा का’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख छापला होता, त्यात जवळपास हेच होतं. त्याच्याही पन्नास वर्षं आधी, १९५४ साली, व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक पीटर ड्रकर यांनी या खात्याची चिरफाड केली होती: थोडी कारकुनी, थोडी घरकामासारखी आवराआवर, थोडी समाजसेवा आणि युनियनचा भडका उडू नये म्हणून थोडी आग विझवणं, अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या कामांचं हे गाठोडं आहे, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. त्या गाठोड्यातली चारही कामं मी एकाच आठवड्यात केलेली आहेत, त्यामुळे वाद घालत नाही.

शिवाय हेही खरं की बरेच जण इथे ठरवून येत नाहीत, येऊन पडतात. नव्या मुलामुलींच्या मुलाखती मी अनेक वर्षं घेते आहे. ‘एचआरच का?’ या प्रश्नाला दहांतले आठ जण म्हणतात, ‘मला माणसांमध्ये काम करायला आवडतं.’ हे ऐकलं की मी मनात एक फुली मारते. माणसं आवडणारा इथे फार तर दोन वर्षं टिकतो. नंतर एक तर तो सोडतो, नाहीतर तुम्हाला भेटलेल्या बाईंसारखा हसतमुख होतो. कारण माणसं आवडत असतील तर त्यांनीही आपल्याला आवडून घ्यावं असं वाटायला लागतं आणि या खुर्चीत ते मिळत नाही. मग उरतं ते फक्त हसू.

जे टिकतात, आणि ज्यांनी टिकावं असं मला वाटतं, त्यांचं कारण वेगळं असतं. माझंच सांगते.

मी सुरुवातीला अकाउंट्समध्ये होते. पगाराच्या नोंदी करायचे. कंपनीतला एक ड्रायव्हर अचानक गेला. त्याच्या विम्याच्या पैशांसाठी त्याची बायको यायची, हातात प्लॅस्टिकची फाइल. नॉमिनीच्या फॉर्मवर आईचं नाव होतं. तो फॉर्म लग्नाआधी भरलेला, आई तर ड्रायव्हरच्याही आधी वारलेली, आणि मधल्या काळात तो बदलून घ्यायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ती आली की तिला एक कागद सांगितला जायचा. तो घेऊन आली की दुसरा. सातव्या खेपेला ती माझ्या टेबलापाशी उभी होती, कारण ज्यांना भेटायचं ते जागेवर नव्हते. मी विचारलं, ‘एकूण किती कागद लागतात हे तुम्हाला कुणी लिहून दिलंय का?’ नव्हतं दिलं. मी दोन-तीन फोन केले आणि एका पानावर यादी केली: कोणता कागद, कुठून आणायचा, सही कुणाची, आधी कोणता, नंतर कोणता. वीस मिनिटं लागली. त्यानंतर ती एकदाच आली.

मला तेव्हा तिची दया आली होती का? आली असेल. पण आठवतो तो राग. त्या सात खेपांमागे कुणाचा दुष्टपणा असता तरी एक वेळ समजलं असतं. तिथे फक्त वीस मिनिटांचा आळस होता. सहा महिन्यांनी मी बदली मागून घेतली. हिशेब मला चांगले जमत होते, हे नोंदीसाठी. आजही दरवर्षी मी सगळ्यांच्या मागे लागून नॉमिनीचे फॉर्म तपासून घेते. मला माझ्या माघारी ‘नॉमिनीबाई’ म्हणतात. म्हणोत.

मालकाचे हस्तक, या तुमच्या आरोपाचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण हे काम जन्मापासूनच दोन तोंडांचं आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या राउंट्री कारखान्याने १८९६ साली मेरी वुड या बाईंना नेमलं, ते तिथल्या कामगार मुलींकडे लक्ष द्यायला. त्या दोन शब्दांची गंमत बघा. आजारी मुलींना भेटून येणं म्हणजे लक्ष देणं, आणि त्यांची वागणूक बघणं म्हणजेही लक्ष देणंच. काळजी आणि पाळत एकाच पगारात. अमेरिकेत नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत १९०१ साली मोठा संप झाला, त्यानंतर मालक जॉन पॅटरसन यांनी कामगारांसाठी वेगळं खातं काढलं. तक्रारी त्याच खात्याकडे आणि कामावरून काढण्याची प्रकरणंही त्याच खात्याकडे. म्हणजे ज्या दारावर रडगाणं घेऊन जायचं, हाकलायचा हुकूमही त्याच दारातून येणार. आज तुम्हाला जे खटकतं ते मधल्या काळात बिघडलेलं नाही. पायाच तसा घातलेला आहे.

माझ्या मते बिघडलं ते पुढे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. त्यात लक्षात आलं की गाऱ्हाणं कुणी मनापासून ऐकून घेतलं की माणसाला बरं वाटतं, गाऱ्हाण्याचं कारण तसंच राहिलं तरी. पुढे १९३६ पासून तिथे समुपदेशक नेमले. त्यांनी फक्त ऐकायचं. हस्तक्षेप करायचा नाही. तुम्ही म्हणाल, ऐकणं वाईट का? वाईट नाही, पण प्रेशर कुकरची शिट्टी म्हणजे शिजलेला भात नव्हे. हातात काही नसताना मान डोलावत ऐकणारा एचआर मला तुमच्या हस्तकापेक्षा धोकादायक वाटतो. हस्तक निदान ओळखू येतो. हा मात्र ‘माझा दरवाजा सदैव उघडा आहे’ असं सांगतो, माणूस आत येऊन सगळं ओकतो, आणि ते कुठे जातं ते ना त्याला माहीत, ना कधीकधी आम्हाला.

आमचं नाव खराब झालं त्यात या खोट्या मैत्रीचा वाटा सगळ्यात मोठा आहे. पगार कंपनी देते. मी तुमची वकील नाही, मैत्रीण तर नाहीच. हे पहिल्याच दिवशी नव्या माणसाला सांगायला हवं, आणि मी सांगते. ऐकणाऱ्याचा चेहरा जरा पडतो, पण नंतर तोच माणूस माझ्याकडे यायचा तेव्हा कागद घेऊन येतो, आणि कागद आणला की मला काहीतरी करता येतं.

याचं उदाहरण देते, कारण तुमचा शेवटचा प्रश्न तिथेच येतो. एका ठिकाणी चौदा जणांना काढायचं ठरलं. यादी माझ्याकडे आदल्या संध्याकाळी आली. त्यातली दोन नावं कामामुळे आलेली नव्हती, एका साहेबांच्या आकसामुळे आली होती, हे मला आणि बहुधा सगळ्यांनाच दिसत होतं. त्यांपैकी एकाच्या फाइलमध्ये लागोपाठ दोन वर्षांचं अप्रेझल, म्हणजे वर्षभराच्या कामाचं लेखी मूल्यमापन होतं, ‘उत्तम’ असा शेरा आणि खाली त्याच साहेबांची सही. मी ती दोन पानं वरच्यांपुढे ठेवून इतकंच विचारलं, ‘याचं कारण लेखी काय द्यायचं?’ ते नाव रात्री निघालं. दुसऱ्याच्या फाइलमध्ये काहीच नव्हतं. त्याचंही कौतुक व्हायचं, भर मीटिंगमध्ये व्हायचं, पण सगळं तोंडी. त्याला मी वाचवू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला बोलावणी होती. आयटीने मात्र सगळ्यांचा अ‍ॅक्सेस तीनलाच बंद केला, त्यांच्या वेळापत्रकात तसं लिहिलेलं होतं. त्या मधल्या अर्ध्या तासात एक गृहस्थ ग्राहकाशी बोलता बोलता सिस्टिममधून बाहेर फेकले गेले. हातात फोन धरून ते माझ्याकडेच आले. ‘मॅडम, पासवर्ड चालत नाहीये, जरा आयटीला सांगता का?’ ते मदत मागायला आले होते. त्यांना बसा म्हणायला मला किती वेळ लागला ते आठवत नाही, पण तेवढ्या वेळात त्यांना कळलं.

पुढे दोन वर्षं मी एवढ्या एका गोष्टीवर भांडले: माणूस खोलीत येऊन बसल्यावर आणि त्याला सांगून झाल्यावरच अ‍ॅक्सेस बंद करायचा. सुरक्षा विभाग म्हणायचा, जोखीम आहे. मी म्हणायचे, चार मिनिटांत कुणी कंपनी लुटत नाही. तिसऱ्यांदा मान्य झालं. तेव्हापासून तिथे कामावरून काढल्याचं कुणाला पासवर्डकडून कळत नाही. माझ्या अप्रेझलमध्ये याची ओळसुद्धा नाही आणि ज्यांना याचा फायदा झाला त्यांना तो झाल्याचं कळलेलंही नाही. ते मला शिव्याच देत असणार, आणि त्यांच्या जागी मीही दिल्या असत्या.

या कामात जे नीट होतं ते सांगता येत नाही, ही एक अडचण आहेच. एखाद्या वरिष्ठाविरुद्ध तक्रार येते, चौकशी होते, तीन महिन्यांनी तो ‘वैयक्तिक कारणास्तव’ जातो. तक्रार करणारीलाही सगळा तपशील मिळत नाही. बाकीचे म्हणतात, एचआरने काय केलं? काही नाही. मी गप्प बसते. पण तुम्ही विचारण्याआधी मीच सांगते: याच गुप्ततेच्या पांघरुणाखाली खरोखरच काही न केलेली प्रकरणंही झोपलेली असतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. तेव्हा तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. विश्वास ठेवायला तुमच्याकडे काही कारणच नाही.

झोपेचं म्हणाल तर बहुतेक रात्री लागते. त्या चौदांच्या आठवड्यात नाही लागली, आणि ती यादीमुळे नव्हे, तर त्या दुसऱ्या माणसाच्या रिकाम्या फाइलमुळे. त्याच्या साहेबांच्या मागे लागून दोन ओळी लिहून घेणं माझं काम होतं. वर्षभर ते मी पुढे ढकललं होतं, ‘सध्या गडबड आहे’ म्हणून. वीस मिनिटांचा आळस. या वेळी माझा.

आता तुमचं. ‘स्वेच्छेने’ लिहिलेल्या त्या कागदाची प्रत तुम्हाला दिली होती का? प्रतिक्रियेत तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. नसेल दिली तर मागा. फोनवर नको, ईमेलने मागा, आणि त्यात ती दुपार, खोलीत कोण कोण होतं आणि विचार करायला किती वेळ दिला गेला हेही तारखेनिशी लिहा. अजून आठवतंय तोवर लिहून टाका. उत्तर येईल ते एचआरकडूनच, आणि ते वाचताना तुम्हाला पुन्हा संताप येईल. तरीही मागा.