पाईकच्या नावानं शिमगा

"या सरकारी पाईक माशांनी तळ्याची वाट लावली, सगळे बास मासे खाल्ले!" एप्रिल उजाडला, स्प्रूस रन जलाशयाच्या काठावर गळ टाकला, की आमच्या काकांचं हे रडगाणं सुरू. दर वर्षी. कान किटले.

अहो काका, न्यू जर्सी राज्य हॅकेट्सटाऊनच्या मत्स्यकेंद्रात या शिकारी पाईकची पिल्लं वाढवतं आणि इथं, बड लेकमध्ये वगैरे आणून सोडतं. उगाच नाही. पाईकला अंडी घालायला उथळ पाण्यात बुडालेलं गवत लागतं. पाणी सतत वरखाली होणाऱ्या जलाशयात ते कुठून आणायचं? पाईक बास खातो? खातो की. मोठा बासही पाईकची पिल्लं गट्टम करतो, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

आणि हेच काका गेल्या शनिवारी! रीळ करकरलं, वर आला लांबोळका हिरवा पाईक, अंगभर फिकट ठिपके. काकांच्या तोंडावर दिवाळी. पट्टी लावली तर 22 इंच. नियम किमान 24चा, त्याहून लहान सोडायचा. "शेपटी जरा चिमटीत धरून मोज ना," म्हणे. मी सोडायला लावला तर तोंड वाकडं, वर "असले काटेरी मासे सोडतातच कशाला!" काटे असणारच हो, फाटे फुटलेले. सुरमई आहे का ती?

माझे तीन ल्यूर, म्हणजे खोटी आमिषं, पाईकनं दातांनी तोडून नेलीत. मी दोरीच्या टोकाला तारेचा तुकडा, म्हणजे लीडर, लावायला शिकलो, बोंबलत नाही बसलो.