एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: आम्ही झोपलो नव्हतो सर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला, रविवारी ऑफिसच्या नंबरवर कोणी भेटलं नाही, आणि सोमवारी बोलताना आमच्याकडच्या पोराचा आवाज चढला, या सगळ्याबद्दल मनापासून माफी मागते. त्याला मी समजावलंय, तो तुम्हाला स्वतः फोन करणार आहे.

आता बाकीचं. हे वाचणाऱ्या बाकीच्या लोकांना कळायला हवं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात लिहिते. तुमचे बारावीचे क्लासेस आहेत, तुमच्या ॲपचा क्लाउडचा (म्हणजे भाड्यानं घेतलेल्या ऑनलाइन सर्व्हरचा) खर्च आणि बिलाचं अकाउंट आम्ही बघतो, एरवी महिन्याचं बिल १४ हजारांच्या आसपास असतं ते फेब्रुवारीत ९२ हजार आलं. तुम्ही लिहिलंय की "बिल सांभाळायचे पैसे घेतात आणि बिल सहापट होईपर्यंत झोपून राहतात, वर बिल वाढलं की यांचं कमिशन वाढतं, बडोद्यात दुसरा कोणीही बघा पण इथे जाऊ नका."

सर, "महाग आहेत" लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते, "मराठी माणसाला धंदा जमत नाही" असंही लोक तोंडावर बोलतात, तेही ऐकून घेते. पण "झोपून राहतात" हे लागलं. कारण त्या शनिवारी रात्री जागं कोण होतं ते तुम्हालाही माहीत आहे.

काय झालं ते सांगते. आधी तुमची लेक्चर्स यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसतील अशी होती, लिंक बाहेर फुटायला लागल्या म्हणून तुम्ही ती स्वतःच्या ॲपवर आणायचं ठरवलं, निर्णय बरोबरच होता, त्यात काही वाद नाही. जानेवारीत आम्ही तुम्हाला लेखी कळवलं होतं की कॅमेऱ्यातून निघालेली फाइल तशीच एस थ्रीवर (एडब्ल्यूएस म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवरची फाइली ठेवायची जागा) टाकून थेट मुलांना उघडून देऊ नका, आधी लहान करा, आणि मध्ये क्लाउडफ्रंट (ॲमेझॉनचीच, फाइली बघणाऱ्यांपर्यंत पोचवणारी सेवा) ठेवा. तुमच्या डेव्हलपरचं म्हणणं पडलं की फाइल लहान केली की फळ्यावरचे आकडे फुटतात, इंटिग्रेशनची लिमिट वाचता येत नाही. त्याचंही म्हणणं खोटं नव्हतं. आम्ही म्हटलं एक लेक्चर लहान करून दाखवतो, पसंत पडलं तर पुढे जाऊ. तो विषय तिथेच राहिला आणि शुक्रवारी संध्याकाळी रिव्हिजनची चार लेक्चर्स मूळ साइझमध्येच वर गेली, आम्हाला न सांगता.

एक लेक्चर दोन तासांचं, फाइल साधारण साडेतीन जीबीची. ॲमेझॉनच्या मुंबईतल्या सर्व्हरवरून इंटरनेटवर डेटा बाहेर गेला की जीबीला साधारण ११ सेंट लागतात, महिन्याला पहिले १०० जीबी फुकट, त्यानंतर मीटर सुरू. डॉलरचा भाव धरला तर जीबीला साडेनऊ रुपयांच्या आसपास, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एका मुलानं एक लेक्चर पूर्ण पाहिलं की तुमच्या खिशातून जवळजवळ ४० रुपये गेले. तुमची पाचशे मुलं, चार लेक्चर्स, सात टीबी म्हणजे सात हजार जीबी डेटा, ७८ हजार रुपये. त्यात तुमचे नेहमीचे १४ मिळवा, ९२ झाले. यात कुठेही चोरी नाही, हॅकिंग नाही, कमिशन नाही, मुलांनी मन लावून अभ्यास केला त्याचं हे बिल आहे.

आणि हीच लेक्चर्स अर्ध्या जीबीची करून क्लाउडफ्रंटवरून दिली असती तर पाचशे मुलांची चारही लेक्चर्स मिळून एक टीबीच्या आसपास झालं असतं, आणि क्लाउडफ्रंटवर दर महिन्याला पहिला एक टीबी फुकट असतो, एस थ्रीवरून क्लाउडफ्रंटपर्यंत जाणाऱ्या डेटाचेही पैसे लागत नाहीत. जानेवारीच्या त्या मेलमध्ये हेच लिहिलं होतं सर, आकड्यांसकट.

आता झोपण्याचं. तुमच्या अकाउंटला आम्ही महिन्याचं २० हजारांचं बजेट लावून ठेवलंय, ऐंशी टक्के झाले की पहिला मेल येतो. बऱ्याच लोकांना वाटतं की बजेट लावलं म्हणजे तेवढ्यावर खर्च थांबतो. बजेट म्हणजे घरातला एमसीबी नाही की लोड वाढला आणि पडला. एडब्ल्यूएस घ्या, गूगल क्लाउड घ्या, बजेट लावलं म्हणजे खर्च आपोआप बंद होत नाही, ते फक्त कळवतं. एडब्ल्यूएसमध्ये बजेटला जोडून चालू सर्व्हर बंद करायची वगैरे सोय आहे, पण तुमचा खर्च सर्व्हरचा नव्हताच, तो डाउनलोडचा होता, सर्व्हर बंद करून तो थांबला नसता. आणि हे कळवणंसुद्धा लगेच होत नाही, बजेटचे आकडे दिवसातून जास्तीत जास्त तीनदा अपडेट होतात, दोन अपडेटमध्ये आठ ते बारा तास जातात. शुक्रवारी संध्याकाळी सुरू झालेला खर्च म्हणून शनिवारी रात्री साडेनऊला मेलमध्ये दिसला. त्यात १७ हजार लिहिले होते पण तो आकडा दुपारचा होता, प्रत्यक्षात तोपर्यंत मीटर कुठल्या कुठे गेलं होतं.

तो मेल तुम्हालाही आला आणि मलाही आला. दहाच्या आत माझा व्हॉट्सॲप मेसेज तुमच्याकडे होता, की व्हिडिओमुळे खर्च पळतोय, आत्ता लिंक बंद करून रात्रीत लहान फाइली चढवूया, आमचा पोरगा बसायला तयार आहे. निळ्या टिका आल्या. तुमचं उत्तर आलं की परीक्षा तोंडावर आहे, पोरं बघतायत, काहीही बंद करू नका, सोमवारी बोलू. मी परत लिहिलं की सोमवारपर्यंत आकडा खूप मोठा होईल. त्यावर तुम्ही अंगठा पाठवला.

स्क्रीनशॉट मी इथे टाकणार नाही, तुमच्या मुलांची नावं आहेत त्या चॅटमध्ये आणि ग्राहकाच्या गोष्टी चव्हाट्यावर आणायची आमची पद्धत नाही. पण तो अंगठा माझ्या फोनमध्ये आहे सर, तुमच्याही आहे.

तुम्ही विचाराल की मग तुम्हीच बंद का नाही केलं. कारण आमच्याकडे तुमच्या अकाउंटचं फक्त बिल बघायचं लॉगिन आहे. बिल दिसतं, खर्च कशावर झाला ते दिसतं, पण एकही फाइल हलवता येत नाही. ही अट तुम्ही घातली होती, मुलांचा डेटा आहे म्हणून, आणि मला ती तेव्हाही योग्य वाटली आणि आजही वाटते. आणि समजा हात लावता आला असता, तरी मालक नको म्हणतोय आणि बारावीची पाचशे मुलं रात्री अभ्यासाला बसलीत, अशा वेळी मी लेक्चर बंद केलं असतं तर आज तुमचा रिव्ह्यू वेगळा असता पण स्टार एकच असता.

रविवारचं म्हणाल तर महाशिवरात्र होती. ज्यांना बडोदा माहीत आहे त्यांना सांगायला नको, शिवजी की सवारी निघते त्या दिवशी सूरसागरच्या आसपास पाऊल ठेवायला जागा नसते आणि आमचं ऑफिस दांडिया बाजारात. ऑफिस बंद होतं, तिथला फोन वाजत राहिला असेल. माझा मोबाइल मात्र चालू होता, सकाळीही मी तुम्हाला मेसेज केला होता, आणि त्यावर तुमचा मिस्ड कॉलसुद्धा नाही. सुट्टी असल्यामुळे मुलांनी दिवसभर लेक्चर्स पाहिली, सगळ्यात जास्त डेटा त्याच दिवशी गेला. सोमवारी दुपारी तुम्ही हो म्हणालात, तुमच्या डेव्हलपरसोबत बसून संध्याकाळपर्यंत लहान फाइली वर चढल्या आणि खर्च जागेवर आला. (आकडे फुटले नाहीत, तुमच्याच गणिताच्या सरांनी बघून सांगितलं.)

कमिशनचं एकदाच लिहिते. आमची फी ठरलेली आहे, महिन्याला पाच हजार, बिल १४ हजार येवो की ९२. बाजारात बिलावर टक्का घेणारे आहेत, आम्ही घेत नाही, नेमकं याच कारणानं घेत नाही. बिल थेट तुमच्या फर्मच्या नावावर येतं, तुम्हीच भरता, त्यातला रुपया आमच्या हातून जात नाही. उलट आम्ही आलो तेव्हा तुमचं बिल २३ हजार होतं, कोणत्याच सर्व्हरला न जोडलेल्या डिस्क, दोन वर्षांपूर्वीचे स्नॅपशॉट (डिस्कच्या जुन्या कॉपी), बंद करून ठेवलेला टेस्ट सर्व्हर ज्याच्या डिस्कचे पैसे चालूच होते, रिकामे पडलेले आयपी ॲड्रेस, हे एकेक शोधून, तुमच्याकडून बंद करवून घेऊन ते १४ वर आणलं. ते महिन्याचे नऊ हजार रिव्ह्यूत कुठे दिसले नाहीत.

आणि कार्ड फेल झालं त्याचाही ठपका आमच्यावर आलाय. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा बिलाचं १५ हजारांच्या वरचं ऑटो पेमेंट ओटीपीशिवाय होत नाही, तुमचं बिल १४ हजारांवर आल्यापासून त्याच्या आत असायचं म्हणून अडत नव्हतं, यावेळी अडलं. लॉगिन करून ओटीपी टाकून भरायचं होतं, ते त्याच दिवशी सांगितलं होतं. आणखी एक, तुमच्या अकाउंटवर जीएसटी नंबर आम्ही पहिल्या महिन्यातच टाकून घेतला होता, त्यामुळे या ९२ हजारांतले १४ हजार जीएसटीचे आहेत त्याचं इनपुट क्रेडिट तुम्हाला मिळतं, क्लासच्या फीवर तुम्ही जीएसटी भरता त्यातून ते वळतं होईल. तुमच्या सीएंना विचारा. नंबर टाकला नसता तर तेही सोडावे लागले असते.

सर, आम्ही चार जणांचं छोटं ऑफिस आहोत. आमच्याकडे येणारा माणूस आधी ऑनलाइन रिव्ह्यू बघतो आणि तुमचा रिव्ह्यू सगळ्यात वर आहे. मागच्या आठवड्यात मकरपुऱ्याची एक पार्टी सगळं ठरवून गेली आणि नंतर म्हणाली की जरा विचार करून सांगतो. त्यांना मी काय सांगू? तुमचं नुकसान झालंय हे मला दिसतंय, क्लास चालवणं सोपं नाही, फी भरायला पालक किती चकरा मारायला लावतात हे मी तुमच्या तोंडून ऐकलंय. म्हणूनच मार्चची आमची फी घ्यायची नाही असं मी तुमचा रिव्ह्यू यायच्या आधीच ठरवलं होतं, बिल काढलेलं नाही ते बघा.

रविवारी आणि सणाला फोन कोणी ना कोणी उचलेल अशी सोय करतोय, अलर्टचंही आणखी काही तरी नीट बसवतोय, त्यावर काम चालू आहे.

राहिला प्रश्न पैसे परत मिळण्याचा. एडब्ल्यूएसकडे बिलिंगची केस टाकायला वेगळे पैसे लागत नाहीत, कारण नीट लिहिलं, खर्च कशामुळे झाला आणि आता काय बदललं हे दाखवलं तर कधी कधी ते थोडं क्रेडिट देतात. मिळेलच असं मी म्हणत नाही. मजकूर मी लिहून ठेवलाय, केस तुमच्या लॉगिनवरून टाकावी लागेल. संध्याकाळी सात नंतर ऑफिसला या किंवा मी क्लासवर येते, अर्ध्या तासाचं काम आहे, या महिन्यातच टाकलेली बरी. स्टार किती द्यायचे तो तुमचा हक्क, मी बदला म्हणणार नाही, फक्त "झोपून राहतात" तेवढं काढा ही विनंती.