शहाळं पाजायला सांगणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

"कंटिन्युअस डायलिसिसच्या नावाखाली आयसीयूत चोवीस तास सलाईन ओततात, पाणी काढायचं आणि पाणीच घालायचं, नुसती बिलं वाढवायची, सही करू नका" हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर फिरलाच असेल. काल रात्री तो आमच्या मामीपर्यंत पोचला. ती गंगापूर रोडला आयसीयूबाहेर बाकड्यावर बसलेली, मामा आत व्हेंटिलेटरवर, किडनी बंद म्हणून रक्त साफ करणारं हे डायलिसिसचं मशीनही लावलेलं, आणि मामी मला फोन करून विचारते, "डायलिसिसचं मशीन बंद करायला सांगू का रे?"

आधी त्या फॉरवर्डची शेवटची ओळ घेतो, कारण डोकं तिथेच फिरलं. "मशीन काढा, रोज चार शहाळी द्या, किडनी आपोआप सुरू होईल." अहो, शहाळ्याच्या 100 मिली पाण्यात साधारण 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, चार शहाळ्यांचं लिटरभर पाणी धरलं तरी अडीच ग्रॅम झालं, आणि किडनी बंद असली की ते बाहेर जात नाही, रक्तात साठतं, हृदय थांबू शकतं. जे काढायला मशीन लावलंय तेच वरून ओतायचं! आणि व्हेंटिलेटरवरच्या माणसाला शहाळं पाजायचं कसं, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आता "पाणीच घालतात". आमटी खारट झाली की आपण थोडी काढून तेवढंच पाणी घालतो ना, तसंच आहे हे. फिल्टरमधून रक्तातलं पाणी घाणीसकट ओढतात आणि त्याजागी सोडियम, बायकार्बोनेट वगैरे मोजून घातलेलं पाणी देतात, ते साधं सलाईन नव्हे. तासाला दीड लिटर आत गेलं तर बाहेर काढताना सोळाशे मिली काढायचं, म्हणजे सूज कमीच होते. मशीनखाली लटकलेली पिवळसर पाण्याची पिशवी काट्यावर असते, नर्स तासातासाला आकडे लिहिते, मामीने स्वतः बघितलंय.

चोवीस तास का, तर बीपी औषधावर टिकवलेलं असताना नेहमीच्या डायलिसिससारखं चार तासांत तेवढं पाणी ओढलं तर पेशंट कोसळू शकतो.

एक गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, मान्य करावी लागेल. हे घालायचं पाणी फिल्टरच्या आधी रक्तात सोडलं तर त्यातलं काही पाणी सफाई न करताच बाहेर जातं. पण त्याने रक्त पातळ राहतं, फिल्टर लवकर गुठळ्यांनी बंद पडत नाही. फिल्टरनंतर सोडलं तर सफाई जास्त, पण फिल्टर चोक व्हायची भीती. म्हणून बऱ्याच ठिकाणी दोन्हीकडे थोडं थोडं सोडतात.

खर्च प्रचंड असतो हेही खरंच. आणि पाण्याच्या जास्त पिशव्या म्हणजे जास्त फायदा असंही नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या 2009 च्या रीनल नावाच्या ट्रायलमध्ये 1508 पेशंट होते, वजनाच्या किलोमागे तासाला 25 मिली आणि 40 मिली पाणी काढायचं अशा दोन डोसची तुलना केली, 90 दिवसांपर्यंतचे मृत्यू दोन्हीकडे 44.7 टक्केच. तेव्हा डॉक्टरला विचारायचंच असेल तर हे विचारा, डोस किलोमागे किती चाललाय, तासाला निव्वळ पाणी किती काढताय आणि फिल्टर किती वेळा बदलला. मामीला हेच तीन प्रश्न लिहून पाठवलेत, सकाळच्या राउंडला विचारेल.