‘सही करू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. अपघातात डोक्याला मार लागला की मोठ्या दवाखान्यात कवटीला भोक पाडून मेंदूचं प्रेशर मोजायची तार घालतात, ती निव्वळ बिल वाढवायला. सीटी स्कॅनमध्ये सगळं दिसतंच, प्रेशर बीपीच्या गोळीनं उतरतं, आणि तारेचा फायदा नाही हे परदेशात सिद्ध झालंय. म्हणून सही करू नका. मी न्यूरो आयसीयूत काम करते. अंधारात उभ्या उसाच्या ट्रॉलीला धडकलेला पोरगा आत व्हेंटिलेटरवर असतो आणि बाहेर घरचे सहीचा कागद बाजूला ठेवून हा मेसेज वाचत असतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी बीपीच्या गोळीचं, कारण मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य तेच. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब वेगळा, कवटीतला दाब वेगळा. मोठ्या माणसाची कवटी ताणली जात नाही. आत साधारण 80 टक्के मेंदू, बाकी रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. मेंदू सुजला की आधी थोडं पाणी आणि रक्त बाहेर सरकून जागा करून देतं. ती सवड संपली की जराशा सुजेनंही दाब झपाट्यानं चढतो. निरोगी माणूस आडवा असताना हा दाब पाऱ्याच्या 7 ते 15 मिलिमीटर असतो. गंभीर मार लागलेल्याचा 22 च्या वर राहिला तर तो उतरवावा लागतो.

आता हिशेब बघा. सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा केला की मेंदूला रक्त पोचवणारा जोर कळतो. 90 मधून 30 गेले, उरले 60, चालण्यासारखं आहे. गोळी देऊन कुणी ते 90 चे 70 केले की उरतात 40, आणि सुजलेला मेंदू रक्तावाचून तडफडतो. अशा पेशंटचा बीपी चढत असेल आणि नाडी मंद होत असेल, तर बऱ्याचदा तो मेंदू दबत असल्याचा इशारा असतो.

सीटी स्कॅन लागतोच. तार घालायची की नाही हेसुद्धा बरंचसं त्यावरूनच ठरतं. पण रात्री दहाचा स्कॅन पहाटे तीनला आत काय चाललंय ते सांगत नाही, आणि व्हेंटिलेटरवरच्या माणसाला तासातासाला स्कॅनला नेता येत नाही. स्वीडनच्या निल्स लुंडबर्ग यांनी 1960 मध्ये सलग नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत दाब एकदम 50 च्या पुढे जाऊन पाच ते वीस मिनिटं तिथंच राहिलेला दिसला. दोन स्कॅनच्या मधे अशी लाट येऊन गेली तर कळणार कशी?

शिवाय पडद्यावर नुसता आकडा नसतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला तीन छोटी शिखरं उमटतात, पहिलं उंच, पुढची उतरती. दुसरं शिखर पहिल्याच्या वर जायला लागलं की आतली सवड संपत आल्याचं कळतं, कधी कधी आकडा चढायच्या आधीच. पेशंटची मान उशीवर एका बाजूला कलली तरी मानेतल्या शिरा दबून आकडा वर जाऊ शकतो. आम्ही डोकं सरळ करतो, उशाची बाजू 30 अंश उचललेली आहे ना ते बघतो, आणि पुष्कळदा तेवढ्यानंच तो खाली येतो. जादा औषध द्यावंच लागत नाही.

परदेशी संशोधन खरं आहे, मेसेजनं अर्धवट सांगितलंय. बोलिव्हिया आणि इक्वाडोरमधल्या 324 पेशंटचा हा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. तारेवरून उपचार केलेल्यांत आणि स्कॅन-तपासणीवरून केलेल्यांत सहा महिन्यांनी ठळक फरक दिसला नाही. पण तार नसलेल्यांनाही आयसीयूत दाब उतरवायचे उपचार मिळतच होते, उलट काही उपचार जास्तच द्यावे लागले. तार नसेल तिथंही काटेकोर इलाज होऊ शकतो, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या भागातल्या लहान दवाखान्यांना त्यातून धीर मिळावा. दाबाकडे बघायचंच नाही, असं त्यात कुठंही नाही.

खर्चाची भीती मात्र रास्त आहे. तार महाग असते, जंतुसंसर्गाचा आणि रक्तस्रावाचा थोडा धोकाही असतो, आणि शुद्धीवर असलेल्या, बोलणाऱ्या पेशंटला ती सहसा लागत नाही. म्हणून विचारा. ग्लासगो स्कोअर, म्हणजे पेशंट कितपत शुद्धीवर आहे ते सांगणारा आकडा, किती आहे? स्कॅनमध्ये काय दिसलं? नुसती मोजणारी तार घालणार की जादा पाणीही काढणारी नळी? कागद कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा. पण स्कोअर 8 किंवा त्याहून कमी असेल आणि स्कॅनमध्ये बिघाड दिसत असेल, तर गावाकडून काका येईपर्यंत सही अडवून ठेवू नका.