मत न देणाऱ्याला ग्रीक लोक 'इडियट' म्हणत होते का?

निवडणूक जाहीर झाली की एक संदेश हमखास फिरू लागतो. आशय साधारण असा: प्राचीन अथेन्समध्ये जो नागरिक मतदान करत नसे, सार्वजनिक कामात लक्ष घालत नसे, त्याला 'इडियट' म्हणत, अशा माणसाला शिक्षाही होई, आणि आजची शिवी थेट तिथूनच आली. लोकांनी मतदान करावं ही त्यामागची कळकळ मलाही आहे. पण ही व्युत्पत्ती चुकीची आहे, आणि तिच्यामुळे एक मोलाची गोष्ट झाकली जाते. या शब्दाने ज्यांचा उल्लेख व्हायचा, त्या साध्या माणसांच्याच जोरावर अथेन्सची लोकशाही चालत होती. म्हणून संदेशातला एकेक दावा तपासू.

पहिला दावा: 'इडियट म्हणजे राजकारणापासून दूर राहणारा.' मूळ ग्रीक शब्द इडिओतेस. इडिओस म्हणजे स्वतःचा, खासगी. त्यावरून इडिओतेस म्हणजे खासगी माणूस, ज्याच्याकडे पद नाही किंवा त्या विषयातलं खास शिक्षण नाही असा. समोर कोण उभा आहे यावर त्याचा नेमका अर्थ ठरायचा. सेनापतीसमोर साधा शिपाई इडिओतेस, कवीसमोर गद्य लिहिणारा इडिओतेस. इ.स.पू. 430 मध्ये अथेन्समध्ये भयंकर साथ आली. ती स्वतः भोगून वाचलेला इतिहासकार थ्युसिडिडीस म्हणतो, तिच्या कारणांबद्दल वैद्य असो की इडिओतेस, ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे सांगावं. इथे वैद्य नसलेल्या प्रत्येकासाठी हा शब्द आला आहे. त्यात हेटाळणी नाही आणि मतदानाचा तर संबंधच नाही.

मला सर्वांत भक्कम वाटतो तो पुरावा दगडावर कोरलेला आहे. इ.स.पू. 377 मध्ये अथेन्सने स्पार्टाविरुद्ध नवा संघ उभारला आणि त्याचा ठराव शिलालेखात कोरून ठेवला. मित्रराज्यांना दिलेली वचनं पुढे कोणी मोडू नयेत म्हणून त्या ठरावात एक कलम आहे. यातलं काही रद्द करावं असा प्रस्ताव जो कोणी मांडेल किंवा मताला टाकेल, 'मग तो अधिकारी असो की इडिओतेस', त्याचे नागरी हक्क जातील, मालमत्ता जप्त होईल आणि तिचा दहावा हिस्सा अथेना देवीला जाईल. आता हे कलम संदेशातला अर्थ धरून वाचून पाहा. नागरिकांच्या सभेकडे, म्हणजे जिथे ठराव मताला पडत तिथे, कधी न फिरकणारा माणूस सभेत उभा राहून प्रस्ताव मांडेल, अशी धास्ती कोणाला वाटेल? कलमाला अर्थ येतो तो एकाच प्रकारे: पद नसलेला साधा नागरिकही सभेत येऊन ठराव मांडू शकत होता आणि त्याचं म्हणणं पारित होऊ शकत होतं.

शिवाय हा काही कायमचा शिक्का नव्हता. सभेचं कामकाज आखणारं पाचशे जणांचं मंडळ आणि बहुतेक अधिकारपदं चिठ्ठ्या टाकून, वर्षभरासाठी भरली जात. मंडळावर आयुष्यात दोनदाच बसता येई. यंदाचा इडिओतेस पुढच्या वर्षी अधिकारी, त्यानंतर पुन्हा इडिओतेस. खटल्यांमध्ये तर लोक हा शब्द आपणहून स्वतःला लावत. अथेन्सचा वक्ता हिपरिडीस याने लायकोफ्रॉन नावाच्या आरोपीसाठी लिहिलेल्या बचावाच्या भाषणात आरोपी सांगतो की मी इडिओतेस आहे, भाषणं करायची मला सवय नाही. जिवावर बेतलेल्या खटल्यात, निकाल देणाऱ्यांची सहानुभूती मिळवायला कोणी स्वतःला शिवी देत नाही. 'मी तुमच्यासारखाच साधा माणूस' एवढंच त्याला म्हणायचं होतं.

दुसरा दावा: 'अलिप्त राहणाऱ्यांना ग्रीक लोक याच नावाने हिणवत.' अलिप्त माणसावर टीका होत असे हे खरं. त्यातली सर्वांत प्रसिद्ध टीका थ्युसिडिडीसच्या इतिहासात अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या तोंडी आहे. स्पार्टाशी झालेल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या पहिल्या वर्षी पडलेल्यांच्या अंत्यविधीला केलेल्या भाषणात तो म्हणतो की नगराच्या कामात भाग न घेणाऱ्याला इतर लोक शांत, आपल्यापुरतं पाहणारा समजतात. आम्ही मात्र त्याला निरुपयोगी समजतो. इथले मूळ शब्द आप्राग्मोन (शांत, अलिप्त) आणि आख्रेइओस (निरुपयोगी) असे आहेत. अगदी हाच विषय, हाच राग, आणि तरी या वाक्यात अलिप्त माणसाला इडिओतेस म्हटलेलं नाही. संदेश लिहिणाऱ्याला ग्रीकांचा आधार हवा असेल तर हे वाक्य आयतं हाताशी आहे. त्याची धारही जास्त आहे.

तिसरा दावा शिक्षेचा. अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलोन याच्या नावावर असा कायदा सांगतात की नगरात यादवी माजली असता जो कोणत्याच बाजूला उभा राहणार नाही, त्याचे नागरी हक्क काढून घ्यावेत. हा कायदा खरोखर सोलोनचा का, यावर अभ्यासकांत वाद आहे; आणि असला तरी तो यादवीसाठी होता, सभेला दांडी मारण्यासाठी नव्हे. सभेसाठी माणसं गोळा करायची निराळी तऱ्हा होती. विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. 425 च्या 'अखार्नियन्स' नाटकाच्या सुरुवातीलाच शेतकरी डिकाइओपोलिस सभा भरायची त्या प्निक्स टेकडीवर एकटाच वाट पाहत बसलेला दिसतो. सभा सुरू व्हायची वेळ झाली, पण लोक खाली बाजारात गप्पा छाटताहेत आणि लाल रंगाने माखलेली दोरी चुकवत इकडेतिकडे पळताहेत. त्या दोरीने लोकांना सभेकडे हाकलत. पुढे इ.स.पू. चौथ्या शतकाच्या आरंभी सभेला येणाऱ्याला भत्ता सुरू झाला: आधी एक ओबोल (चांदीचं छोटं नाणं), मग दोन, मग तीन. लोक यावेत म्हणून अथेन्सने आपल्या तिजोरीतून पैसे मोजले. स्त्रिया, गुलाम आणि परके रहिवासी यांना तर सभेत जागाच नव्हती, याचीही आठवण तो संदेश देत नाही.

राहिला चौथा दावा, 'शिवी थेट तिथूनच आली'. शब्द तिथला, शिवी नंतरची. ज्याला विद्या नाही तो अडाणी, हा तुच्छतेचा सूर ग्रीकमध्येही अधूनमधून होता आणि लॅटिनमध्ये 'इडिओता' होताना तो वाढला. पण सरळ रेषेत नाही. 1450 मध्ये जर्मन तत्त्वज्ञ निकोलस ऑफ क्यूसाने लॅटिनमध्ये लिहिलेल्या संवादांत 'इडिओता' हा लाकडी चमचे कोरणारा कारागीर आहे आणि तोच तत्त्वज्ञाला शिकवतो. दुसरीकडे फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेलेला शब्द तोवर जन्मतः बुद्धी अधू असलेल्यांना चिकटला होता. इंग्लंडच्या कायद्यात तो आला, 1910 च्या सुमारास अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्डने ज्यांचं मानसिक वय दोन वर्षांच्या पुढे जात नाही अशांसाठी तो बौद्धिक अपंगत्वाच्या वर्गवारीत घातला. आपल्याकडेही मनोरुग्णांविषयीच्या 1912 च्या भारतीय ल्युनसी कायद्यात 'ल्युनॅटिक' (वेडा) या शब्दाची व्याख्याच 'इडियट किंवा विकल मनाची व्यक्ती' अशी होती. तो कायदा रद्द व्हायला 1987 चा मानसिक आरोग्य कायदा यावा लागला.

आजच्या शिवीतला डंख आला तो या इतिहासातून, बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना लावलेल्या सरकारी आणि वैद्यकीय शिक्क्यातून. मत न देणाऱ्याला 'इडियट' म्हणताना टोमणा मारायला आपण त्यांचाच शब्द उचलतो. आणि शाईशिवाय राहिलेल्या बोटामागे यादीतून गायब झालेलं नाव असू शकतं, दुसऱ्या जिल्ह्यातल्या वीटभट्टीवरचं किंवा ऊसतोडीचं काम असू शकतं. अशा माणसाला अथेन्सचा दाखला देऊन हिणवायचा आधार ग्रीक ग्रंथांत आणि शिलालेखांत नाही.