नुसती गर्दी मोजून काय मिळवलंत?

पावसाळ्यातला शनिवार-रविवार, त्यात श्रावण, त्यात सोमवारची जोडून सुट्टी. असं जुळून आलं की संभाजीनगर-खुलताबाद रस्त्यावर आमचं जगणं ठप्प होतं. मी राहते खुलताबादला, नोकरी शहरात. अंतर पंचवीस-सव्वीस किलोमीटर. एरवी तासाभरात घर गाठणारी मी, या दिवसांत अंधार पडला तरी दौलताबादच्या दिल्ली दरवाजाशी अडकलेली असते. या वेशीतून एका वेळी एकच मोठी गाडी जाते. हत्ती-घोड्यांच्या काळातली कमान ती. तिच्यातून आम्ही एसटी, ट्रॅव्हल्स, टेम्पो आणि शेकडो मोटारी काढायला बघतो. पुढे घाट. घाटात कणसांच्या शेगड्या, त्यांच्यापुढे आडव्या-तिडव्या लावलेल्या गाड्या, आणि भर रस्त्यात उभं राहून धुक्याचे फोटो काढणारे लोक.

मागच्या पावसाळ्यात आमच्या बसच्या मागे अँब्युलन्स अडकली. सायरन वाजतोय आणि कोणाला तसूभर हलता येत नाही. न राहवून मी खाली उतरले. पुढच्या गाडीतल्या पोराला म्हटलं, "दादा, जरा कडेला घे की, मागं पेशंट आहे." तो म्हणाला, "मावशी, आम्ही काय हौसेनं थांबलोत का? पुढंच कोन्ही हालंना." त्याचं काहीच खोटं नव्हतं. पुढे हलायला जागाच नव्हती. माझा राग त्या पोरावर नाही. सुट्टीच्या दिवशी चार मित्र घेऊन म्हैसमाळच्या डोंगरावर निघाला, यात त्याचा काय गुन्हा? राग आहे तो या रस्त्यावर इतक्या गाड्या एकदम येणार हे महिनाभर आधी ठाऊक असून काहीही न करणाऱ्यांवर. श्रावण कधी लागतो, सुट्ट्या कधी जोडून येतात, हे कॅलेंडरात छापलेलं असतं. आमच्या खुलताबादच्या भद्रा मारुतीला श्रावणातल्या शनिवारी रात्रभर माणसं चालत येतात, वेरूळच्या घृष्णेश्वराला सोमवारी रांग लागते, म्हैसमाळ हिरवं झालं की शहर तिकडे लोटतं. दरवर्षी तेच, त्याच तारखांच्या आसपास. आणि दरवर्षी आमचे साहेब लोक अचानक पूर आल्यासारखे चकित होतात!

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी: पर्यटकांची विक्रमी गर्दी. सोबत कोणाचं तरी आनंदाचं निवेदन. हे वाचलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. गर्दी झाली यात तुमचं कर्तृत्व काय? वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात डोंगर वरून खाली खोदत काढलं, कृष्ण पहिला याच्या राजवटीत. घृष्णेश्वराचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी उभं केलं. १९८३ साली वेरूळ आणि अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या पुण्याईवर लोक येतात. तुमचं काम आलेल्या माणसाला नीट आणणं, नीट दाखवणं, नीट परत पाठवणं आणि जागेला धक्का न लागू देणं एवढंच होतं.

पर्यटनाच्या व्यवस्थापनात पहिला धडा असतो तो वहनक्षमतेचा. एका जागेला एका वेळी किती माणूस झेपतो? दगडाला किती झेपतो, वाटेला किती, वाहनतळाला किती, संडासाला आणि पाण्याला किती, आणि शेजारच्या गावाला किती? यातला सगळ्यात लहान आकडा हीच त्या जागेची मर्यादा. हे समजायला परदेश दौऱ्यांची गरज नाही. आपल्या अजिंठ्यातच बघा. तिथे खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटला, लेण्यांपासून चारेक किलोमीटर अलीकडे अडवतात आणि पुढे बसने नेतात. चित्रांच्या लेण्यांत एकदम झुंड सोडत नाहीत, फ्लॅश मारू देत नाहीत. कारण ती चित्रं माती, शेण आणि भाताच्या तुसाच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. माणसांच्या श्वासातली वाफ, अंगाची ऊब आणि बंद जागेत साठणारा कार्बन डायऑक्साइड या तिन्हींनी तो गिलावा आणि त्यावरचा रंग सैल होतो. म्हणजे कारण आपल्याला ठाऊक आहे, उपायही ठाऊक आहे, आणि आपल्याच जिल्ह्यात तो वर्षानुवर्षं चालूही आहे. मग तीच अक्कल शंभरेक किलोमीटर अलीकडे वेरूळला येईपर्यंत कुठे सांडते?

का, वेरूळला रंग नाहीत? कैलासाला रंगमहाल म्हणायचे ते उगाच नाही. अजूनही छताला रंगाचे तुकडे धरून आहेत. जैन लेण्यांत इंद्रसभेत वर मान करून बघा. पण सुट्टीच्या दिवशी तिथे मान वर करायला उसंत कोणाला असते? मागचा ढकलतो, पुढचा सेल्फी काढतो. पावसाळ्यात एकोणतिसाव्या लेण्याजवळ धबधबा पडतो, तिथल्या शेवाळलेल्या कड्यावर पोरं चढतात. तिथे उभा असलेला एकटा सुरक्षारक्षक शिट्टी वाजवून वाजवून थकतो. त्याला शिव्या घालू नका, त्याच्या जागी उभं राहून बघा. तो एक आणि समोर हजार.

ताजमहालाच्या तिकिटावर तीन तासांची मुदत असते, मुख्य कबरीत जायला वेगळे दोनशे रुपये घेतात. आरडाओरडा झाला, मग लोकांना सवय झाली. वेळ ठरवलेलं तिकीट सुट्टीच्या दिवसांत वेरूळला लावायला काय हरकत आहे? तिकीट मोबाइलवर काढता येतं. त्याच मोबाइलवर "सकाळी दहा ते एकची वेळ भरली, दुपारची घ्या" एवढं लिहून आलं तर कोणावर आभाळ कोसळेल? निम्मे मोटारवाले तरी घाटात चढायच्या आधी विचार करतील.

आणि ती नावं! दौलताबादच्या भिंतींवर, लेण्यांच्या खांबांवर बदाम काढून कोरलेली नावं. मी शाळेत असताना होती, आता दुप्पट झाली आहेत. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याने हा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हा आकडा मोठ्या मराठी अक्षरांत तिकीट खिडकीपाशी लिहा ना. दगडावर ओढलेली रेघ पुसली जात नाही. काढायची म्हटलं तर हजार-बाराशे वर्षांपूर्वी छिन्नी लागलेला पृष्ठभागच घासून टाकावा लागेल. एका टवाळाच्या प्रेमाची किंमत कायमची आणि सगळ्यांनी मोजायची. यात मात्र मी त्या पोरांना माफ करत नाही. ट्रॅफिक त्यांच्या हातात नव्हतं, खिळा त्यांच्याच हातात होता.

आता बायकांचं बोलते, कारण हे कोणी बोलत नाही. बीड, जालना, परभणीकडून पहाटे टेम्पोत बसून आलेल्या बाया घृष्णेश्वराच्या रांगेत तासन् तास उभ्या असतात. लेकरं कडेवर, उपवास, बाटलीत पाणी नाही. पाणी प्यायचं टाळतात, कारण प्यायलं तर जायचं कुठे? रांग किती लांब जाणार याचा अंदाज असतो, बॅरिकेड त्या हिशेबाने लागतात, मग तात्पुरती शौचालयं त्या हिशेबाने का लागत नाहीत? पर्यटन धोरणाची जाडजूड कागदपत्रं निघतात, त्यात "अनुभव" हा शब्द पानोपानी. त्या बाईचा अनुभव काय असतो ते तिला विचारा.

कचऱ्याचंही तेच. २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदी आहे. श्रावणातल्या शनिवारी पहाटे आमच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना चहा-फराळाचे कप, द्रोण, पाण्याची पाऊच यांचा थर असतो. चालत येणाऱ्या भक्तांना मी दोष देत नाही. ते धूर सोडत नाहीत, हॉर्न वाजवत नाहीत, रस्ता अडवत नाहीत. फराळ वाटणारी मंडळंही पुण्याचंच काम करतात. पण परवानगी देताना "तुमच्या स्टॉलपुढचा कचरा सकाळी तुम्हीच उचलायचा" ही एक अट घालायला कोणाचं मन दुखतं? नंतर तो प्लास्टिकचा ढीग आमच्या शेतांत उडतो आणि गुरं खातात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्ताने महिलांच्या डब्ल्यू-२० गटाची बैठक शहरात झाली. पाहुण्या वेरूळला जाणार म्हणून काय लगबग! रस्ते झाले, भिंती रंगल्या, झाडं लावली, वाहतूक शिस्तीत चालली. म्हणजे मनात आणलं तर जमतं. मग आमच्यासाठी का नाही? तिकीट काढून येणारी परभणीची बाई कमी प्रतीची पाहुणी आहे का?

घाटात कणसं विकणारी एक बाई माझ्या ओळखीची आहे. तिला म्हटलं, गर्दीत धंदा चांगला होत असेल. ती म्हणाली, "गिऱ्हाईक लई दिसतंय ताई, पन थांबतंय कोन? गाडीतूनच भाव करायलेत अन् निघून जायलेत." सगळं अर्थशास्त्र तिने तिथेच सांगून टाकलं. शिर्डीहून सकाळी गाडी निघते, दुपारी घृष्णेश्वर, घाईघाईत कैलास, संध्याकाळी परत. मुक्काम दुसरीकडे, जेवण हायवेच्या हॉटेलात. तिकिटाचे पैसे दिल्लीच्या तिजोरीत. गावाच्या वाट्याला धूर, कचरा आणि बंद रस्ता. माणूस एक रात्र इथे राहिला, तर इथल्या पोरीच्या हातची भाकरी खाईल, इथला गाइड घेईल, पैठणी किंवा हिमरू कुठे विणतात ते बघायला जाईल. तीन तासांच्या दहा माणसांपेक्षा एक मुक्कामी माणूस गावाला परवडतो आणि लेण्यालाही. पण मुक्कामी माणूस मोजला की आकडा लहान दिसतो, बातमी होत नाही.

बघायला काय कमी आहे? वेरूळ गावात भोसल्यांची गढी आहे, शिवरायांच्या घराण्याचं हे मूळ गाव. किती गाड्या तिकडे वळतात? आमच्या खुलताबादेत मलिक अंबरची कबर आहे, ज्याने १६१० मध्ये खडकी वसवली, जिचं पुढे हे शहर झालं, आणि नहरीने, म्हणजे जमिनीखालून नेलेल्या पाटाने, त्या शहराला पाणी दिलं. तिथे बहुतेक वेळा वाऱ्याशिवाय कोणी नसतं. शहरालगतची औरंगाबाद लेणी सुट्टीच्या दिवशीही निवांत असतात. कन्नडकडे पितळखोरा आहे. गर्दी वाटून द्या म्हणतात, ते हेच. पण लगेच उद्या रील बनवून सगळ्यांना पितळखोऱ्याला पाठवू नका. तिथला खडक मुळातच झिजलेला आहे. आधी वाट, रक्षक, पाणी, शौचालय आणि दिवसाची मर्यादा ठरवा, मगच पाट्या लावा. नाहीतर इथला घोळ उचलून तिथे न्याल.

मला येत्या श्रावणाच्या आधी उत्तरं पाहिजेत. वेरूळला एका दिवशी जास्तीत जास्त किती माणसं झेपतात, हा आकडा कोणी काढलाय का? काढला असेल तर जाहीर करा. शहराबाहेर गाड्या थांबवून सुट्टीच्या दिवशी शटल बस सोडणार की नाही? दिल्ली दरवाजातून अँब्युलन्स निघायला राखीव वाट कोण ठेवणार, त्या माणसाचं पद आणि फोन नंबर फलकावर लिहा. आणि या सगळ्याला "रोजगार मिळतो ना गावाला" हे उत्तर कोणी देणार असेल, तर त्याने आधी आमच्या गावात येऊन रोजगार मिळालेल्या पोरांची यादी दाखवावी. श्रावणात पार्किंगच्या पावत्या फाडणारी आणि उरलेलं वर्ष वाळूजच्या कंपन्यांत कंत्राटावर जाणारी पोरं त्या यादीत धरायची नाहीत.